पुढचा ताव

भात्याची दोरी मुठीत धरा, बोटाभोवती गुंडाळू नका. पाय थोडे फाकवून उभे राहा. आता ओढा, सोडा, पुन्हा ओढा. घाई केलीत तर कोळसा फुकट जळेल आणि ठिणग्या तुमच्याच पायांवर येतील. समोर बसलेले आबा तुमच्याकडे बघणार नाहीत, त्यांची नजर निखाऱ्यांत खुपसलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर आहे. फार तर म्हणतील, "दमानं, पोरा."

तुकडा वीतभर लांब आहे. त्याचा कोयता व्हायचा आहे. एका तावात कोयता होत नसतो. लोखंड तापवायचं, लाल आहे तोवर ठोकायचं, काळं पडलं की परत आगीत. एका तावाला अर्धं-पाऊण मिनिट मिळतं, त्यात जे वळवायचं ते वळवायचं. आज फरक एवढाच की दर तावाला तुमचं वर्ष बदलेल. मुलूख तोच राहील: एका अंगाला माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत, मधे भातसा, शाई आणि काळू या नद्या. म्हणजे आजचे शहापूर आणि मुरबाड तालुके. आबाही प्रत्येक वेळी भेटतील. ते हेच आबा की यांचे पणजोबा, हे विचारत बसू नका, हातातलं काम थंड होईल.

तुकडा नारिंगी झाला. काढा.

अंगावर वारा येतो. तुम्ही नाणेघाटाच्या माथ्यावर आहात, सुमारे दोन हजार वर्षं मागे. कोकणातून वर येणारी वाट जिथे घाटमाथ्याला लागते तिथे लेणं खोदून झालं आहे आणि आता त्याच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं कोरली जात आहेत. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, हजारांनी कार्षापण. त्यात कोरलेले आकडे पुढे गणिताच्या इतिहासात जाऊन बसणार आहेत. तुम्हाला आत्ता त्याचं काही नाही, कारण तुमच्यापुढे बोथट छिन्न्यांचा ढीग पडला आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण लोखंडाची धार खातो. कोरणाऱ्याच्या हातात एक छिन्नी, एक भट्टीत, एक पाण्यात, अशी फिरती चालू राहिली तरच अक्षर पुढे सरकतं. आबा टोक ठोकून बारीक करतात, खरखरीत दगडावर घासतात, पुन्हा तापवून पाण्यात बुडवतात आणि न बघता मागे हात करतात. पुढची छिन्नी त्या हातात द्यायची, हे तुमचं काम.

हे लोखंड आबांनी स्वतः गाळलेलं नाही. दूर विदर्भात, नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला, याच्याही कित्येक शतकं आधीची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडलेली आहे, म्हणजे ती विद्या महाराष्ट्राला जुनीच. आबांनी मात्र घाटवाटेने जाणाऱ्या तांड्याकडून गोळा घेतला. घाटाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला माल वाटेवरूनच मिळतो. पुढच्या प्रत्येक तावाला हेच होणार आहे. लोखंड कुणा दुसऱ्याचं, दुसऱ्या कामासाठी निघालेलं, आणि त्याचं टोक काढायचं काम इथलं.

परत आगीत घाला.

आता जो धमाका ऐकू आला तो दारूचा. सुरुंगाचा अजून दुसरा प्रकार नाही, डायनामाइटचं पेटंट 1867 सालचं आणि तुम्ही आहात 1862 मधे, थळ घाटात. आगगाडी 1 जानेवारी 1861 रोजी कसाऱ्यापर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. वर इगतपुरीला पोचायला तिला 1 जानेवारी 1865 उजाडेल. मधल्या चार वर्षांत डोंगर पोखरायचा आहे, एहेगावची खोल दरी पुलाने ओलांडायची आहे आणि सदतीस फुटांत एक फूट असा चढ रुळांना द्यायचा आहे. इंजिनिअरांची नावं पुस्तकांत आहेत. बोगद्याच्या तोंडाशी मात्र इंजिनिअरपेक्षा जास्त हाका लोहाराला मारल्या जातात.

कारण तेच, नाणेघाटाचं. दगड लोखंड खातो. एक जण सळई धरतो, दुसरा तिच्या डोक्यावर घण घालतो, प्रत्येक घावाला सळई थोडी फिरवायची. हातभर भोक पडेपर्यंत सळईचं टोक अनेकदा बसतं. बसलेल्या सळया डोक्यावर घेऊन पोरं धावत तुमच्याकडे येतात. सळई विलायती, घडीव लोखंडाची, टोकाला बोटभर पोलाद. पोलाद महाग, म्हणून सबंध सळई पोलादाची करायची चैन कुणाला परवडत नाही. आबा टोक तापवतात, चार घावांत धार बाहेर काढतात आणि पाण्यात बुडवतात. फार गरम असताना बुडवलं तर टोक काचेसारखं तडकतं, उशिरा बुडवलं तर मऊ राहतं आणि पहिल्याच घावाला वाकतं. मुकादम शिव्या घालतो त्या दोन्ही वेळा लोहाराला.

संध्याकाळी आबा तुटक्या सळयांचे तुकडे कमरेच्या फडक्यात बांधतात. तुम्ही बघितलंत हे त्यांना कळलं आहे. "पोलाद हाय," ते म्हणतात. "घरी कामाला येईल." ही चोरी की मोबदला, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर घाटाखालच्या कित्येक विळ्या-कोयत्यांची पहिली धार अशाच फडक्यांतून घरी आली असणार.

ताव गेला. आगीत.

या वेळी घाईत बाहेर काढू नका, इथे थोडं थांबायचं आहे.

1886 सालचा फाल्गुन. मुरबाडकडचं गाव. लोहाराची साळ म्हणजे चार मेढी, वर पेंढ्याचं छप्पर, तीन बाजू मोकळ्या. जमिनीतच खळगा करून भट्टी, मागे चामड्याचा भाता, पुढे लाकडाच्या ओंडक्यात बसवलेली ऐरण, शेजारी पाण्याची दगडी डोण. सांडशा हाताच्या अंतरावर मांडलेल्या, कारण लाल लोखंड धरून कुणी हत्यार शोधत नाही. भात्यावर तुमच्याआधी आजी होत्या. त्या आता समोर येऊन घण उचलतात. 1965 सालच्या 'साधी माणसं' या चित्रपटाने लोहार नवरा-बायको मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कायमचे बसवले. चित्रपटात गाणं होतं, इथे आजींच्या खांद्याला सूज आहे. आबा लहान हातोडीने दाखवतात कुठे, आजी त्याच जागी घण घालतात. हातोडी ऐरणीवर नुसती टिचकली की थांब. बोलायची गरज पडत नाही.

बाहेर माणसं उकिडवी बसली आहेत. ठाकर, कुणबी, महादेव कोळी. प्रत्येकाच्या कमरेमागे लाकडी आकडी आणि तिच्यात कोयता. हा महिना राबाचा आहे. भाताचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा पावसाआधी भाजायचा असतो. खाली शेण, वर झाडांचे टहाळ, वर गवत, वर मातीचा थर, आणि आग. तण जळतं, राख मुरते, रोप तरारून येतं. राबाला टहाळ लागतात, टहाळांना कोयता लागतो, म्हणून आबांचं अर्धं वर्ष या दोन-तीन महिन्यांत उभं असतं.

पण या वर्षी माणसं दबक्या आवाजात बोलतात. जंगलाचा कायदा 1878 सालचा. रान राखीव झालं, ऐनाचं झाड कुठे छाटायचं आणि कुठे नाही याचे नियम आले, शिपाई कोयते काढून घेऊ लागले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' 1883 मधे लिहिला, त्यात जंगलखात्यावर कोरडे ओढलेले आहेत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून ओरड इतकी वाढली की 1885 मधे सरकारला जंगलांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल पुढच्या वर्षी येईल.

लोहाराला या कायद्याचा फटका दोन्हीकडून. गिऱ्हाइकाचा कोयता जप्त झाला तर तो नवा मागतो, पण द्यायला त्याच्याकडे भात नाही. आणि भट्टीला कोळसा लागतो. कोळसा कातकरी पाडतात. लाकडं रचून, मातीने लिंपून, दिवसरात्र धुमसत ठेवून. आता लाकडाला परवाना आला, परवान्यामागे ठेकेदार आला, आणि चांगला कोळसा गाडीत बसून मुंबईला जाऊ लागला. महाबळेश्वरच्या डोंगरात खनिज गाळणाऱ्या धावडांच्या भट्ट्यासुद्धा लाकडाच्या टंचाईनेच थंडावल्या. आबांची भट्टी लहान म्हणून टिकली. कातकऱ्याला एक विळी करून द्यायची आणि दोन टोपल्या कोळसा घ्यायचा, असा व्यवहार चालू आहे. तो कुठल्याच वहीत सापडणार नाही.

भाषणांत ऐकलेली बारा बलुतेदारांची नीटस व्यवस्था इथे शोधू नका. देशावर लोहाराचं बलुतं बांधलेलं, पिकाच्या खळ्यावर त्याचा हक्काचा वाटा. घाटाखाली ती वीण सैल होती. पाडे विखुरलेले, एकेका लोहाराकडे अनेक पाड्यांची माणसं. कुणी वर्षाचं भात देतो, कुणी कामापुरतं, कुणी पुढच्या सुगीवर ढकलतो. आबांना कोण देणार आणि कोण बुडवणार ते चेहऱ्यावरून कळतं, तरी ते कुणाला परत पाठवत नाहीत. त्यात दयेचा भाग थोडा. माणूस एकदा दुसऱ्या लोहाराकडे गेला की परत येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आता कोयता बघा, कसा होतो. एका म्हाताऱ्याने जुना कोयता आणला आहे, धार झिजून पातं निम्मं उरलेलं. तो शेवटायचा, म्हणजे त्याला नवी धार जोडायची. आबा पात्याची कड तापवून छिन्नीने उभी चिरतात, त्या फटीत पोलादाची पट्टी घालतात. पट्टी कुठली? झिजलेल्या विलायती कानशीची. कुणा मिस्त्रीने टाकून दिलेली कानस म्हणजे आबांना सोनं. वरून चिमूटभर बारीक रेती. आता भाता जोरात. लाल नको, नारिंगी नको, पिवळ्याच्याही पुढे, पांढरं व्हायला हवं, आजच्या मोजमापात तेराशे अंशांच्या आसपास. रेती वितळून काच होते आणि तिच्याबरोबर लोखंडावरचा मळ वाहून जातो. एक क्षण उशीर झाला तर पोलादच जळतं, त्यातून फुलबाजीसारख्या चांदण्या उडू लागतात. आबा काढतात, आजींचा घण पडतो, पहिल्या तीन घावांत जोड लागला तर लागला.

मग पाणी द्यायचं. कड चेरीलाल झाली की डोणीत. सूंऽऽ आवाज येतो, तो संपायच्या आत बाहेर. आता धार इतकी कडक आहे की दगडावर पडली तर तुकडा उडेल. म्हणून आबा तिला दगडावर घासून उजळतात आणि जाड पाठीतली उरलेली ऊब कडेकडे येऊ देतात. उजळ पट्टीवर रंग चढू लागतो. आधी गव्हाळी, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गव्हाळी म्हणजे दोनशे तीस अंशांच्या जवळपास, निळा म्हणजे तीनशे. वस्तऱ्याला गव्हाळी चालेल. लाकडात घुसणाऱ्या कोयत्याला जांभळ्याच्या कडेवर थांबवायचं. आबांना अंश माहीत नाहीत. ते सावलीत बसतात ते ऊन टाळायला नव्हे, उन्हात हे रंग दिसत नाहीत म्हणून.

दुपारनंतर गाडीची धाव बसवायची आहे. भात, कोळसा, गवत वासिंद-आसनगावच्या स्टेशनांपर्यंत बैलगाड्यांनी जातं, त्यामुळे रेल्वे आल्यावर गाड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. सुताराने चाक करून दिलं, त्यावर लोखंडी धाव चढवायची ती लोहाराने. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड केलेली असते. गोवऱ्यांच्या आगीत ती तापवायची. साडेचार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली की इंचभर वाढते, आणि तेवढ्याच इंचाच्या भरवशावर हा सगळा उद्योग आहे. चार जणांनी सांडशांनी उचलायची, चाकावर टाकायची, लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. वाफेत काही दिसत नाही. फक्त आरे तुंब्यात घट्ट बसल्याचा कडकड आवाज येतो. सुतार आणि लोहार एकमेकांच्या चुका काढतात आणि मालक दोघांना गुळाचं पाणी देतो.

रात्री आबा हिशेब करतात. तोंडीच. पाच पायल्या इकडे, दोन तिकडे, एक कोंबडी. लोखंडाचं बिल मात्र रोख आहे, कल्याणच्या दुकानदाराचं. उत्पन्न भातात आणि खर्च रुपयांत, हा या धंद्याचा पेच आहे. तो पुढे सुटणार नाही, त्याची नाणी तेवढी बदलतील.

घाला परत.

1942, दिवाळीच्या पुढेमागे. साळीवर आता कौलं आहेत. चामड्याच्या भात्याशेजारी हाताने फिरवायचा पंखा आला आहे. ऐरण म्हणजे आडवा टाकलेला रुळाचा तुकडा, तो कुठून आला हे विचारायची पद्धत नाही. लढाईमुळे लोखंड मिळत नाही, पत्रा मिळत नाही, खिळेसुद्धा मोजून. आबा जुने खिळे सरळ करून विकतात. कोळशाला मात्र कधी नव्हे असा भाव आहे, कारण पेट्रोल रेशनवर गेल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या आहेत. गाडीच्या मागे टाकीएवढी भट्टी लावलेली, ड्रायव्हर प्रवासापूर्वी तिला वारा घालतो. आबांना याची गंमत वाटते. म्हणतात, "मोटारपन आता लोहारीन झाली."

पण गंमत करण्याचे दिवस नाहीत. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळे त्यांना भाई म्हणतात, भूमिगत झाले आहेत. त्यांचा आझाद दस्ता कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत फिरतो आहे आणि मुंबईकडे वीज नेणारे लोखंडी मनोरे रात्रीत पाडतो आहे. मनोरा पाडायचा म्हणजे त्याच्या पायांचे लोखंडी कोन करवतीने कापायचे. सकाळी साळीत पोलीस उभा. कानशी कुणी नेल्या, करवतीचं पान कुणी मागितलं, घण कुणाकडे आहे. गावात लोखंड कापू शकणारा माणूस एकच असतो, त्यामुळे प्रश्न आधी त्याला.

तुमचा हात पंख्याच्या मुठीवर. आबा मान खाली घालून विळा ठोकत राहतात. एका घावाने होईल तिथे तीन घालतात. ऐरण वाजत असेपर्यंत माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही युक्ती तुम्ही आत्ता शिकलात.

2 जानेवारी 1943 च्या पहाटे, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात, पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. बातमी गावात आली तेव्हा भट्टी पेटलेली होती. त्या दिवशी ती विझवली गेली. मनोऱ्यांचं वाकलेलं लोखंड पुढे कुठे गेलं असेल? आबांना विचारू नका. त्यांच्या डोळ्यांत ते लोखंड बघण्याची हौस दिसते तेवढी पुरे.

आगीत.

बाहेर येताच डिझेलचा वास. 1970 नंतरचं दशक. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकांची रांग. कसारा घाटाच्या चढाला आणि खड्ड्यांना ट्रकच्या कमानीचे पाटे मोडतात, आणि मोडलेला पाटा गॅरेजच्या मागे पडून राहतो. आबांच्या सबंध घराण्याला जे कधी मिळालं नव्हतं ते आता किलोवर मिळतं: आरपार पोलाद. कडेला पट्टी चिरून घालायचं दिव्य संपलं. पाटा लांबीने कापा, तापवा, ठोका, पाणी द्या. फक्त पाण्याऐवजी तेलात, कारण हे पोलाद पाण्यात तडकतं. आबांनी दोन-तीन कोयते फोडून ही गोष्ट शोधली. जळक्या तेलाचा डबा आता डोणीशेजारी आहे.

उरलेलं लोखंड मुंबईहून येतं. दारूखान्यात जहाजं मोडतात, कुर्ल्याला भंगाराची बाजारपेठ आहे. एखाद्या परदेशी जहाजाची पट्टी शेंद्रूणच्या शेतात विळा होऊन भात कापते, आणि कापणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. वर भातसा धरणाचं काम चालू आहे, तिथून टिकाव-पहारी शेवटायला येतात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं, आता भातसाचंही जाईल. नळ तिकडे आणि टँकर इकडे, ही शहापूरची कथा तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेली आहे, ती मी पुन्हा सांगत नाही.

पौष पौर्णिमेला म्हसा. यात्रा खांबलिंगेश्वराची, पण अर्धी माणसं बैलांसाठी येतात आणि उरलेली घोंगडी घ्यायला. आबा एसटीच्या टपावर कोयत्यांची मोळी टाकून पोचतात. वाटेला रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं आहेत, त्यांच्या बायका आजींसारखाच घण चालवतात. आबा त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. एक धंदा, दोन जाती, आणि भाव पाडल्याचा आरोप दोन्हीकडून.

यात्रेत गिऱ्हाईक कोयता विकत घेण्याआधी त्याला नखाने टिचकी मारतं आणि कानाशी धरतं. तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग पात्यावर नजर टाकून बाक बघतं. ठाकराला बाक जास्त लागतो, फांदी ओढून तोडायला. कुणब्याला कमी. आबांच्या मोळीत दोन्ही आहेत. शहरातून आलेल्या दुकानात एकाच मापाचे शंभर कोयते टांगलेले आहेत, साच्यात दाबलेले, वर हिरवा रंग. भाव आबांच्या निम्मा. संध्याकाळपर्यंत त्यातले बरेच गेलेले असतात.

"पावसाळ्यानंतर येतील माझ्याकडं," आबा म्हणतात. "धार काढायला."

येतात. पुढच्या वर्षी कमी येतात. त्याच्या पुढच्या वर्षी हिरवा कोयता बोथट झाला की नवा हिरवा कोयता. इथे आग विझली नाही, लोखंड संपलं नाही, हातही थकला नाही. लोखंड स्वस्त झालं. लोहाराचं पोट नवं घडवण्यावर कधी नव्हतंच, झिजलेलं पुन्हा उभं करण्यावर होतं. लोखंड महाग होतं तेव्हा ते पाच वेळा शेवटणं परवडत होतं. कारागिरी मेली म्हणून आपण हळहळतो, पण आधी आटली ती गिऱ्हाइकाची दरवर्षीची फेरी.

शेवटचा ताव. घाला.

आता वाराच नको, बटण दाबा. ब्लोअर. साळीवर पत्रे, दारावर फ्लेक्स, त्यावर गेट, ग्रिल, शटर, शेड अशी यादी आणि खाली मोबाईल नंबर. किन्हवलीकडून सरळगावला जाणारा रस्ता, पलीकडे प्लॉटिंगचे दगड रोवलेले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि शहापूरच्या जमिनीला नवे मालक भेटू लागले. प्रत्येक नव्या मालकाला पहिलं काय लागतं? गेट.

आबा आहेत. ते वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरतात आणि रॉड टेकवतात. तुम्ही निळ्या उजेडाकडे बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल. तुमचं काम हिशेबाचं. दहा फुटी गेट, त्यात 12 मिलीमीटरच्या चौकोनी सळया, सहा-सहा फुटांच्या, चोवीस. जाडी गुणिले रुंदी गुणिले 0.00785, म्हणजे मीटरला 1.13 किलो. चव्वेचाळीस मीटर झाले, पन्नास किलो नुसत्या सळयांचे. चौकट वेगळी, बिजागऱ्या, कडी, रेड ऑक्साइड, मजुरी, टेम्पो. भाव किलोवर सांगायचा, पण लोखंडाचा भाव आज एक आणि उद्या एक, म्हणून कोटेशनवर तारीख घालायची. मालकाला गेटवर भाले हवेत आणि मधोमध गणपती. गणपती लेझरने कापून भिवंडीहून येईल, भाले साच्यातले मिळतील.

म्हणजे आबांनी यात काय केलं? जोडलं. माप बरोबर घेतलं, चौकट काटकोनात ठेवली, ओढ येऊन पाट वाकडा होणार नाही अशा क्रमाने टाके मारले. हे कौशल्य नाही असं म्हणणाऱ्याने एकदा दहा फुटी गेट कर्णात मापून बघावं. त्यांच्या मुलाला मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी आहे. तो रविवारी ग्राइंडर चालवायला येतो.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत लोहार आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी 15,000 रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाखाचं कर्ज. आबा फॉर्मकडे बराच वेळ बघतात. "व्यवसाय काय लिहू?" ते विचारतात. "फॅब्रिकेशन लिहिलं तर बसणार नाही, आणि लोहार लिहिलं तर तपासायला येणाऱ्याला भट्टी दाखवावी लागंल."

भट्टी आहे की. कोपऱ्यात, ऑक्सिजनच्या नळकांड्यामागे. रुळाची ऐरण अजून तीच. ती भंगारात घालायची ठरली होती, पण उचलायला चार माणसं लागली असती.

दारात ठाकर बाई उभी आहे. फाल्गुन चालू आहे. हातात कोयता, मूठ सैल झालेली, पातं पाट्याचं, जुनं. हिरवा रंग नाही.

"दादा, एवढा शेवटून दे. राब तोडायचाय."

आबा तुमच्याकडे बघतात, म्हणजे भाव तुम्ही सांगायचा. मनात हिशेब करा. ब्लोअर, कोळसा, तासभर हात अडकणार, तेवढ्यात गेटचे आठ टाके झाले असते. दुकानात नवा हिरवा कोयता दोनशेला मिळतो, हे तिलाही माहीत आहे. त्याच्या वर सांगितलंत तर ती जाईल, खाली सांगितलंत तर घाटा.

"दीडशे," तुम्ही म्हणता.

ती कोयता उलटा करून ऐरणीवर टिचकवते. आवाज खणखणीत येतो. "लोखंड माझंच हाय," ती म्हणते. "तू फक्त धार देतूस. शंभर."

"सव्वाशे. तासाभरानं या."

"आन मूठ बी बसव त्यातच," असं म्हणून ती बाजाराच्या दिशेने चालू लागते. आबांनी तोवर वेल्डिंगची काच खाली ठेवली आहे आणि सांडशी शोधताहेत. ती ग्राइंडरच्या खाली सापडते.